ठोकळा एक वीत बाजूला

६ जानेवारी, सोमवार

शीळफाट्याला ऑफिसची गाडी अडकली ती अडकलीच. वागळे इस्टेटला पोचेपर्यंत कर्वेसाहेबांचे दोन फोन. खाणीतून ट्रेनिंगला माणूस आलाय आणि त्याला मशीन दाखवायला म्हणे माझ्याशिवाय कोणी नाही. बाकीची टीम काय शोभेला ठेवलीय?

नाव धनराज. भंडाऱ्याकडचा, चाळिशीचा असेल. खोपटला डेपोसमोरच्या लॉजवर उतरलाय. चपला काढून मशीनला नमस्कार केला, एक फेरी मारली, मग विचारलं, "मॅडम, इले म्हैस म्हणते सारे. काहून?" म्हटलं, काळी आहे, पुढे दोन लांब हात शिंगांसारखे, आणि एकदा बसली की ढिम्म हलत नाही. पटलं त्याला.

चार वर्षं या म्हशीचा मेंदू मी लिहिते आहे. आज पहिल्यांदा असा माणूस बघितला जो तिच्याबरोबर खाली राहणार. उगाच ओशाळल्यासारखं झालं.

९ जानेवारी, गुरुवार

डोंबिवली. सकाळी पोळ्या करताना सासूबाई: "शेजारच्या काकू विचारतात, सून करते काय नक्की?"

सांगितलं. जमिनीखाली बोगदा. बोगद्याच्या टोकाला दगडाची भिंत. तिच्यात ड्रिलने भोकं पाडायची, त्यात सुरुंगाची दारू भरायची, माणसं बाहेर काढायची, उडवायचं. पडलेला दगड उचलला की आत नवी भिंत उघडी पडते, तिला परत भोकं. म्हणजे एक राउंड. रोज हेच. आजवर भोकं पाडणारा माणूस त्या भिंतीला चिकटून उभा असायचा, डोक्यावर नुकतंच हादरलेलं छत. त्यातून कधी काय निखळेल काही सांगता येत नाही. आमची म्हैस ते काम आपलं आपण करते, माणूस पार वळणामागे खुर्चीत बसून पडद्यावर बघतो.

"म्हणजे त्याला काम काय?"

"बसायचं."

"बसायचं ट्रेनिंग द्यायला तू ठाण्याला जातेस?"

काकूंना संध्याकाळी सांगितलं म्हणे की सून कॉम्प्युटरमध्ये आहे.

१४ जाने., मंगळ.

संक्रांत. किसनने यार्डात सगळ्यांना तिळगूळ वाटला. मला देताना, "घ्या मॅडम, ग्वाड बोला. जमंल तवरा." माझी ख्याती आहे तर.

किसन भोईर, काटईचा, यार्डातली चेन-पुली सांभाळतो. ठोकळा त्याच्या ताब्यात. ठोकळा म्हणजे काँक्रीटचा, ट्रकएवढा, तीच आमची ठाण्यातली खाण. मी बटण दाबते, म्हैस समोर वेगळ्या हुकावर टांगलेली लाल पाटी बघून मध्य ठरवते, त्यावरून भोकांची आखणी करते आणि भोकं पाडते. मग किसन ठोकळा वीतभर बाजूला ओढतो, पुढची टेस्ट. दिवसभर हेच. भोकं पाड, ठोकळा सरकव. कान बधिर.

पण आज आकडे बघून मी एकटीच हसत होते. प्रत्येक टेस्टला, पाटीपासून मोजलं तर, भोक जिथल्या तिथे. केसाचा फरक नाही. क.सा. (कर्वेसाहेब) सुद्धा "उत्तम" म्हणाले, आणि ते "उत्तम" वर्षातून एकदाच म्हणतात. या वर्षीचं जानेवारीतच संपलं.

१७ जाने., शुक्र.

कँटीनमध्ये धनराजने उकळत्या चहाचा ग्लास मुठीत धरलेला. म्हटलं, अहो भाजेल. तो म्हणाला, "बोटं झोपली हायेत जी. ओठाले लागला का मंग समजते गरम हाय." हाताने ड्रिल चालवून चालवून. थंडीत बोटं पांढरी पडतात म्हणे, शर्टाचं बटण बायको लावून देते. हे सगळं इतक्या सहज सांगत होता की मलाच चहा जाईना.

आणखी एक सांगितलं. उडवल्यावर कधी कधी भोकाचं बूड भिंतीत तसंच शिल्लक राहतं. त्यात न उडलेली दारू असू शकते. त्या बुडात ड्रिल घातलं तर... हात फक्त वर उडवला. त्यांच्या गावचा एक जण असाच गेला. म्हणून जुन्या भोकापासून निदान एक वीत सोडूनच नवं भोक. खाणीत पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी हे शिकवतात.

मी म्हटलं, मशीन चुकत नाही, धनराजभाऊ.

"होय जी," म्हणाला.

२४ जाने., शुक्र.

म्हैस गेली. ट्रेलर वागळेतून निघून माजिवड्याला हायवेवर लागेपर्यंत मी आणि किसन त्याच्या मोटारसायकलवर मागे मागे. बघायचं काय होतं कोण जाणे. लग्नानंतर मुलीच्या गाडीमागे जावं तसं. किसन तर डोळे पुसत होता, नंतर म्हणाला, "धूल गेली."

नारळ क.सा.नी फोडला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, त्याची चर्चा दिवसभर.

धनराजही रात्रीच्या गाडीने गेला. त्याला मी लिहिलेली वापराची पुस्तिका दिली. दोन प्रती, एक त्याच्या जोडीदारासाठी. पाटी कुठल्या हुकावर टांगायची, बटणं कुठल्या क्रमाने, सगळं चित्रांसकट. निघताना म्हणाला, "खाली या एकदा मॅडम. तुमची म्हैस कुठं बांधली ते पाहाले."

येईन म्हटलं. कोण जातंय.

३ फेब्रु., सोम.

पहिला राउंड झाला! धनराजचा फोन दुपारी, मागे कोणीतरी ओरडत होतं आनंदाने. "मॅडम, मी खुर्चीत बसलो होतो जी, पाय लांब करून!" त्याने स्फोटानंतरच्या भिंतीचा फोटो पाठवलाय. ओली काळी भिंत, तिच्यावर बोटभर खोल राहिलेली भोकांची बुडं, रांगेत, अगदी माझ्या पडद्यावरच्या आखणीसारखी. फोनच्या पडद्यावर तोच फोटो लावला.

घरी नवरा, नितीन, म्हणाला, "लोक बायको-मुलांचे फोटो लावतात." त्याच्या स्वतःच्या फोनवर विठाई एसटीचा आहे, खोपट डेपोतल्या. बोलतोय.

११ फेब्रु., मंगळ.

रोज संध्याकाळी खाणीतून आकडे येतात. प्रत्येक राउंड पाटीपासून जिथल्या तिथे. क.सा.नी पेढे वाटले. दुसऱ्या म्हशीची ऑर्डर जवळजवळ पक्की, महिन्याअखेरीस तिकडचे मोठे लोक पहिली म्हैस चालताना बघायला खाणीत जाणार. यार्डात दुसरीची जोडणी सुरू. तोच ठोकळा.

मला आज खरंच बरं वाटतंय. लिहून ठेवते, कारण मला बरं वाटल्याचं सहसा लिहिलेलं सापडत नाही.

१८ फेब्रु., मंगळ.

आजचं सगळं क्रमाने लिहून ठेवते.

किसन रजेवर, पुतण्याची हळद. हळद म्हणजे काटईत दोन दिवस कोणी कामाला येत नाही. ठोकळा ओढायला माणूस नाही. मी म्हटलं राहू दे, तशीच टेस्ट घेऊ, आकडेच तर हवेत. दुसऱ्या म्हशीची सकाळची एक टेस्ट झालेली. परत बटण दाबलं.

आवाजच आला नाही. इतकं मोठं ड्रिल, आणि आवाज नाही. हात पुढे गेला आणि सकाळच्याच भोकात सरळ आत शिरला, सुरी म्यानात जावी तसा. मग दुसरं भोक, तसंच. यार्डातली मुलं हसली. मीही हसले. आणि हसता हसता धनराजने वर उडवलेला हात आठवला.

ती तेच करणार. मी तिला तेच शिकवलंय. पाटी बघ, मध्य धर, जिथल्या तिथे भोक पाड. खाणीत पाटी रोज त्याच हुकावर. म्हणजे रोजची भोकं कालच्या भोकांच्या बरोब्बर समोर. म्हणजे त्या बुडात. माणसाचा हात कितीही चांगला असला तरी इकडेतिकडे होतो, शिवाय माणूस बघून बाजूला घेतो. ही बघत नाही. ही चुकत नाही.

आणि यार्डात हे कधीच कळलं नाही, कारण प्रत्येक टेस्टनंतर किसन ठोकळा सरकवत होता. का सरकवत होता? फोन केला त्याला. मागे डीजे. "आवं मॅडम, ड्रिलचं बिट जुन्या भोकान जातं ना! मंग सरकवाला नको?" चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर सरकवतोय. मीच किती वेळा ओरडलेय, किसन, सरकव लवकर.

मग धनराजला. तोही परवापासून लग्नात, मेहुणीच्या, गावी. मी काय बोलले आठवत नाही, तो मात्र शांत. "नाही जी मॅडम, बुडात कुठं जाते. मी पाटी सरकवतो ना. एक दिवस डावीकडं वीतभर, एक दिवस उजवीकडं. तारेनं बांधतो."

पुस्तिकेत असं कुठे आहे?

"पुस्तिकेत नाही जी. तुमच्याकडं किसनभाऊ दर टायमाले ठोकळा सरकवत होता ना? मले वाटलं सरकवाच लागते. आता खाण तं सरकत नाही, मंग मी पाटी सरकवली."

हसू की रडू. आमच्या सगळ्या हुशारीत त्याला वाचवलं कशाने, तर किसनच्या चेन-पुलीची नक्कल.

मग सुचलं. तुम्ही लग्नात, मग तिथे कोण आहे?

"विजय. जोडीदार माझा."

तो पाटी सरकवतो?

"त्याले तं मी नाही सांगतलं जी. तो पुस्तिका पाहून करते."

क.सा.कडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला. "आजवर काही झालेलं नाही ना? मग आपण पाहुणे येऊन जाईपर्यंत शांतपणे दुरुस्ती करू. त्या विजयला धनराज फोन करून सांगेल, पाटी सरकव म्हणून." मी म्हटलं विजय जमिनीखाली आहे, त्याला फोन लागत नाही. ते म्हणाले, "तुम्ही उगाच घाबरवून सोडाल त्यांना." मी त्यांच्याच टेबलावरच्या फोनवरून खाणीच्या मॅनेजरना फोन लावला. क.सा. बघत राहिले. म्हशीचं आपोआप चालणं, ऑटो, बंद करा, आत्ता, खाली निरोप द्या.

मॅनेजर म्हणाले, विजयचा कालचा राउंड झाला, आज सकाळचाही होऊन गेलाय. ऑटोवरच. पुस्तिकेप्रमाणे. काही झालं नाही.

काही झालं नाही.

२० फेब्रु., गुरु.

दोन दिवस सगळ्यांच्या तोंडी तेच. क.सा.: "काही झालं नाही, तरीही तुम्ही माझ्या परवानगीशिवाय." टीममधला एक जण, "पण मॅडम, काही झालं तर नाही ना." घरी नितीन, जरा बिचकत, "म्हणजे काही झालं नाही ते चांगलंच ना?" त्याच्यावर उगाच ओरडले. त्याची चूक नव्हती. नंतर चहा करून दिला, सॉरी म्हटलं नाही, पण आलं घातलं.

त्या सकाळी बुडांत दारू नव्हती, एवढंच. बाकी सगळं तयार होतं.

२२ फेब्रु., शनि.

धनराज रजेवरून परतला. फोन केला. खाणीने ऑटो बंद ठेवलंय, दुरुस्ती सिद्ध होईपर्यंत. पण राउंड थांबत नाहीत. म्हशीला बाजूला उभं केलं आणि जुनी हाताची ड्रिल बाहेर काढली. तो आणि विजय परत भिंतीपाशी उभे, छताखाली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फोन करून त्याला खुर्चीतून उठवलं आणि तिथे नेऊन उभं केलं.

"बरोबर केलं जी तुमी," तो म्हणाला. मग म्हणाला, "बोटं मातर परत झोपून रायली."

किती दिवस लागतील, विचारत नव्हता. तरी मी सांगितलं, लवकर. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. सासूबाईंनी मुकाट्याने दही घातलं, म्हणजे त्यांनाही काहीतरी कळलंय.

१ मार्च, शनि.

दुरुस्ती लिहून झाली. आता म्हैस आधीची सगळी भोकं लक्षात ठेवते, आणि आजची आखणी आपण होऊन वीतभर बाजूला घेते, आलटून पालटून. शिवाय भिंतीला टेकण्याआधी ड्रिल हलकेच टोचून बघते. पोकळ लागलं तर पुढे जात नाही, थांबून हाक मारते. लिहायला इतकं सोपं की लाज वाटते.

पाहुण्यांची भेट पुढे ढकलली गेली. क.सा. माझ्याशी फक्त मेलवर बोलतात, आणि आम्ही एकाच खोलीत बसतो.

४ मार्च, मंगळ.

टेस्ट. किसनला खुर्ची दिली आणि चहाचा ग्लास दोन्ही हातांत. "आज ठोकळ्याला हात लावायचा नाही."

पहिली टेस्ट झाली. किसन अर्धा उठला, सवयीने, चेनकडे बघत. मी ओरडले. बसला. "जल्लं मेलं, हात शिवशिवतान," म्हणाला.

दुसरी. म्हैस थांबली, विचार केल्यासारखी, डावीकडे वीतभर सरकली आणि ड्रिल कोऱ्या काँक्रीटवर कडाडलं. इतका छान आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. तिसरी उजवीकडे. संध्याकाळपर्यंत ठोकळ्याची चाळण, पण एकही भोक दुसऱ्यात नाही.

क.सा. दारात उभं राहून बघत होते. जाताना म्हणाले, "हे आधी सुचायला हवं होतं." मी म्हटलं, हो. मग तेच म्हणाले, "मलाही." आणि गेले. वर्षभराचं "उत्तम" यापेक्षा स्वस्त होतं.

६ मार्च, गुरु.

खाणीची अट आली. नवी दुरुस्ती खाली एका राउंडला चालवून दाखवायची, आणि जिने लिहिली तिने स्वतः हजर राहायचं. दगड काँक्रीट नसतो, त्याला आधीच भेगा असतात. म्हशीला भेग आणि जुनं भोक यातला फरक कळेल का? कळायला हवा. ठोकळ्याला भेगा नव्हत्या. हे मी सगळ्यांना सांगितलं आणि खाणीला लिहूनही पाठवलं. म्हणून त्या भिंतीची बुडं आधी धुऊन, तपासून घेणार आहेत. तरीही.

सासूबाईंना सांगितलं, मी खाली जातेय. "बसायला?" म्हणाल्या. हसल्या नाहीत. थोड्या वेळाने देवापुढचा अंगारा एका पुडीत बांधून माझ्या पर्सच्या चोरकप्प्यात ठेवला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

नितीन रजा काढून नागपूरपर्यंत येतो म्हणाला. नको म्हटलं. पुन्हा म्हणाला. बरं म्हटलं.

८ मार्च, शनि.

बॅग भरली. दोन जाड शर्ट, बूट किसनने त्याच्या पोराचे दिले, माझ्या मापाचे तेच निघाले. नवी पुस्तिका घेतली नाही. काय लिहायचं तिच्यात ते तिथून आल्यावर ठरवेन.

संध्याकाळी धनराजचा फोन. आज हातानेच दोन पाळ्या केल्या. मग म्हणाला, "मॅडम, परवा राउंडले मी पाटी सरकवू का नको?"

नको. हुकावर सरळ टांगा. म्हैस स्वतः सरकेल.

"अन् नाही सरकली तं?"

मला म्हणायचं होतं, सरकेल, मशीन चुकत नाही. तोंडापर्यंत आलं. म्हटलं, "पहिल्या भोकाआधी थांबायचं बटण माझ्या हाताखाली असेल. मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसणार आहे."

"मंग ठीक हाय जी," तो म्हणाला. त्याला धीर आला, आवाजावरून कळलं.

मला विचारायचं राहिलं, तिथे दुसरी खुर्ची आहे का.